धर्मग्रामातील सेवाकार्य, ख्रिस्ती

ख्रिस्ती धर्मजनांनी आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत राहणाऱ्या आजारी, निराधार व गरजू शेजाऱ्यांसाठी स्वेच्छेने आणि विनावेतन केलेले संघटित साहाय्यकार्य. एक चर्च, त्याचा धर्मगुरू आणि त्या चर्चच्या हद्दीतील कुटुंबे मिळून जो घटक होतो, त्यास इंग्रजीत पॅरिश म्हणतात. वसईकडील मराठी भाषक कॅथलिकांत त्यासाठी धर्मग्राम हा शब्द रूढ आहे. पॅरिश ह्या शब्दाचे मूळ ‘पारोइकिआ’ ह्या ग्रीक शब्दात असून शेजारी, विशेषतः परक्या ठिकाणी उपरे म्हणून, वस्ती करणे असा त्याचा अर्थ आहे. शेजाराची कल्पना अशा रीतीने ह्या शब्दातच अंतर्भूत आहे. मठ, रुग्णालये, अनाथालये व मिशनरी संस्था यांचे कार्य बहुधा व्रतस्थ स्त्रीपुरुषांच्या हातून होते. प्रस्तुत नोंदीत विचार केला आहे, तो संसारी व नोकरीधंदा करणाऱ्या सामान्य धर्मजनांनी हाकेच्या अंतरावरील माणसांसाठी केलेल्या कार्याचा. गरजूच्या घरी स्वतः जाणे, हा ह्या कार्याचा गाभा होय. ह्या प्रथेमुळे साहाय्याला आपुलकीचे रूप आले. पण घरी येणारा साहाय्यक सहजच तपासनीसही होऊ शकतो. ह्या सेवाकार्याच्या इतिहासात ह्या दोन प्रवृत्तींची ओढाताण सतत दिसून येते.

बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकात जेरूसलेम येथील आद्य ख्रिस्ती मंडळीची हकीकत आली आहे. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक भाषक सभासदांनी तक्रार केली व तिच्या निवारणार्थ सात माणसे नेमण्यात आली. ख्रिस्ती मंडळीतील साहाय्याची ही पहिली ज्ञात व्यवस्था एका तक्रारीतून जन्मली, हे लक्षणीय आहे. मध्ययुगीन यूरोपात चर्चच्या उत्पन्नाचा काही भाग गरिबांसाठी राखून ठेवण्याची कल्पना मान्य होती आणि गावोगावचे बंधुसंघ आजारी सभासदांची शुश्रूषा व मृतांचे दफन ही कामे करीत. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १५३६ ते १५४० ह्या काळात मठ बरखास्त झाले. पुढे १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर टाकण्यात येऊन त्यासाठी सक्तीचा कर बसविण्यात आला. १६६२ च्या कायद्यान्वये, पुढे आपल्यावर भार पडेल अशी भीती वाटणाऱ्या उपऱ्या माणसास त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येऊ लागले. ज्या शब्दाचा मूळ अर्थच उपऱ्यांची वस्ती असा होता, त्याच्या वाट्यास आलेला हा विपर्यास म्हणावा लागेल. करदात्यांच्या नजरेत गरीब शेजारी हा खर्चाची एक बाब बनला.

फ्रान्समध्ये ह्या कार्यास वेगळे वळण लागले. त्याचा आरंभ शातीयाँ ह्या लहान गावातील एका प्रसंगापासून मानतात. व्हिन्सेंट द पॉल (१५८१–१६६०) हा १६१७ मध्ये तेथे धर्मगुरू होता. ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी मिस्सेच्या तयारीत असताना त्यास कळले, की गावाबाहेरच्या एका एकाकी घरातील सगळीच माणसे आजारी असून त्यांना पाणी देण्यासही कोणी नाही. प्रवचनात त्याने ही गोष्ट सांगितली. दुपारी तो स्वतः त्या घराकडे निघाला, तेव्हा वाटेवर अन्न घेऊन जाणाऱ्यायेणाऱ्या बायकांची रीघ लागली होती. उन्हामुळे काहीजणी रस्त्याच्या कडेस विसावल्या होत्या. गावाने दया दाखविण्यात काही कमी केले नव्हते. पण एकाच दिवशी आलेले इतके अन्न नासणार आणि दोन दिवसांनी ते कुटुंब पुन्हा उपाशी राहणार, हे व्हिन्सेंटच्या ध्यानी आले. त्याने त्या आठवड्यातच गावातील स्त्रियांची बैठक घेतली आणि डिसेंबर १६१७ मध्ये त्यांचा संघ रीतसर स्थापन झाला.

ह्या संघासाठी व्हिन्सेंटने केलेली नियमावली मुळातून वाचण्यासारखी आहे. प्रत्येकीने पाळीपाळीने एकेक दिवस अन्न शिजवावे. ते घेऊन गेल्यावर रुग्णाची हसतमुखाने विचारपूस करावी. त्याच्या अंथरुणावर फळी ठेवून तीवर स्वच्छ फडके पसरावे. त्याचे हात धुवावेत व मग वाढावे, इतका बारीकसारीक तपशील तीत आला आहे. ज्या रुग्णाजवळ घरचे कोणी आहे त्याच्यापासून आरंभ करावा आणि अगदी एकट्या असणाऱ्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल, असेही तीत सांगितले आहे. पुढील काळातील अनेक जाडजूड अहवालांपेक्षा ह्या एका सूचनेत शेजारधर्माची जाण अधिक आहे. शातीयाँच्या धर्तीवर इतरत्रही असे संघ निघाले. पॅरिसमधील उमराव स्त्रिया मात्र स्वतः जाण्याऐवजी नोकरांना पाठवू लागल्या. त्यामुळे व्हिन्सेंट व ल्वीझ द मारियाक (१५९१–१६६०) यांनी १६३३ मध्ये खेड्यातील मुलींचा ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा सेवासंघ स्थापन केला. म्हणजे गरिबाच्या घरी जाण्याचे काम शेजाऱ्यांच्या हातून सुटून काही अंशी व्रतस्थ भगिनींकडे गेले.

फ्रेंच राज्यक्रांतीत १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली, १७९२ मध्ये बंधुसंघ बंद पडले व १७९६ पासून शासकीय साहाय्य कचेऱ्या निघाल्या. ह्यानंतर धर्मग्रामाजवळ गरिबांसाठी द्यायला उरले ते सभासदांच्या खिशातील पैसे व त्यांचा फावला वेळ एवढेच. एकोणिसाव्या शतकातील नव्या स्वयंसेवी कार्याची उभारणी ह्याच दोन गोष्टींवर झाली.

त्याआधी प्रॉटेस्टंट स्कॉटलंडमध्ये झालेल्या एका प्रयोगाचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण स्वेच्छेच्या साहाय्याने सक्तीच्या कराची जागा घेता येईल काय, हा प्रश्न त्याने उघडपणे मांडला. टॉमस चामर्झ (१७८०–१८४७) ह्या धर्मोपदेशकाने १८१९ मध्ये ग्लासगो शहरातील सेंट जॉन हा नवा धर्मग्राम हाती घेतला. तेथील वस्ती सुमारे दहा हजार असून तीत विणकर व गिरणीकामगार यांचा भरणा होता. शहराच्या गरीबनिधीतून काहीही न घेण्याच्या अटीवर त्याने तेथील गरिबांचा भार उचलला. धर्मग्रामाचे २५ विभाग पाडून प्रत्येकावर एकेक डीकन नेमण्यात आला. साहाय्य मागणाऱ्याच्या घरी जाऊन त्यास काम मिळवून देता येईल काय, त्याचे नातलग पुढे येतील काय, शेजारी मदत करतील काय, हे डीकनने आधी पाहावयाचे आणि कोठूनच सोय होत नसेल, तरच चर्चच्या दाराशी जमणाऱ्या वर्गणीतून साहाय्य द्यावयाचे, अशी ही पद्धत होती. गरिबांना खरा आधार श्रीमंतांपेक्षा गरिबांचाच असतो आणि बाहेरून आलेल्या पैशाने तो आटतो, हे चामर्झचे प्रतिपादन होते. धर्मग्रामातील गरिबांवरचा वार्षिक खर्च १,४०० पौंडांवरून २८० पौंडांवर आल्याचे सांगण्यात येई. चामर्झ १८२३ मध्ये सेंट अँड्रूझ विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेला. प्रयोग मात्र १८३७ पर्यंत चालू राहिला.

खर्च कमी झाला ह्याचा अर्थ दारिद्र्य कमी झाले असा होत नाही, हा ह्या प्रयोगावरील मुख्य आक्षेप होय. एडिंबरो येथील वैद्यकाचे प्राध्यापक विल्यम पल्टनी ॲलिसन यांनी १८४० मध्ये तो जोरदारपणे मांडला. साथीच्या ज्वराचे मूळ उपासमारीत व दाटीवाटीच्या वस्तीत आहे; गिरण्या बंद पडल्या म्हणजे संपूर्ण वस्तीच एकदम बेकार होते आणि अशा वेळी शेजाऱ्याने शेजाऱ्यास काय द्यावे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. त्याच वर्षी ग्लासगो येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात दोघांचा समोरासमोर वाद झाला. पुढे १८४३ मध्ये स्कॉटिश चर्चमध्ये फूट पडून सुमारे ४७० धर्मोपदेशक बाहेर पडले. त्यांच्या अग्रभागी चामर्झच होता. ज्या एकसंध धर्मग्रामावर त्याची योजना उभी होती, तो त्याच्याच हातून दुभंगावा हा दैवदुर्विलास होय. १८४५ च्या कायद्याने गरिबांची व्यवस्था चर्चकडून काढून स्थानिक मंडळांकडे दिली. तथापि घरोघर जाऊन चौकशी करण्याचे चामर्झचे तंत्र टिकून राहिले आणि १८६९ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ने ते उचलले. पात्र आणि अपात्र गरीब असा भेद करण्याविषयीच्या तिच्या कटाक्षामुळे भेट देणारा स्वयंसेवक हा बव्हंशी तपासनीस बनला.

पॅरिसमध्ये घडलेली हकीकत वेगळी आहे. १८३२ मधील पटकीच्या साथीत त्या शहरात १८,००० हून अधिक माणसे दगावली होती आणि सर्वाधिक हानी गरीब वस्त्यांची झाली होती. ह्याच सुमारास फ्रेदेरिक ओझानाम (१८१३–५३) हा लीआँमध्ये वाढलेला डॉक्टरपुत्र कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला आला. काही काळ तो भौतिकीविज्ञ अँपिअर यांच्या घरी राहत होता. एमान्यूएल बायी ह्या कॅथलिक संपादकाच्या आश्रयाखाली चालणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात तो भाग घेई. ह्या मंडळात नास्तिक व सें-सीमाँचे समाजवादी अनुयायीही येत. ख्रिस्ती धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही काय करता, असा प्रश्न त्यांनी विचारला. ओझानाम व त्याचा एक मित्र यांनी त्याच संध्याकाळी आपल्याकडील उरलेले सरपण उचलून एका गरिबाच्या घरी नेऊन टाकले, अशी आख्यायिका आहे. पुढील घटना मात्र निश्चित आहे. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, बायीच्या वृत्तपत्र कचेरीत तो स्वतः, ओझानाम, ल तायांदिए, लामाश, लालिये, क्लाव्हे व दव्हो असे सातजण जमले. बायी वगळता बाकीचे सर्व विद्यार्थी होते. त्यांनी गरिबांच्या घरी जाण्याचा निश्चय केला. पुढे व्हिन्सेंट द पॉल ह्या संताचे नाव त्यांनी आपल्या संस्थेस दिले.

जावे कोणाच्या घरी, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. ती उणीव सिस्टर रोझाली राँद्यू (१७८६–१८५६) यांनी भरून काढली. डॉटर्स ऑफ चॅरिटीच्या ह्या भगिनीने पॅरिसच्या म्यूफतार वस्तीत एकूण पन्नासांहून अधिक वर्षे काढली. तेथील चामडे कमावणारे, चिंध्या वेचणारे व मोलमजूर यांची घरे तिला माहीत होती. कुटुंबांची नावे तिने दिली, आरंभीच्या चिठ्ठ्या तिने दिल्या आणि गरिबाच्या खोलीत शिरताना कसे वागावे, हे ह्या सुखवस्तू तरुणांना तिनेच शिकविले. संस्थेच्या संस्थापकांत तिचे नाव रूढ अर्थाने घेतले जात नाही. पण तिच्यावाचून हा उपक्रम पहिल्याच महिन्यात थांबला असता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

संस्थेच्या प्रत्येक शाखेस ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. १८३४ च्या अखेरीस सभासदांची संख्या शंभराच्या वर गेली, तेव्हा ओझानामने शाखेचे विभाजन सुचविले. आपली मैत्री तुटेल ह्या भीतीने अनेकांनी त्यास कडाडून विरोध केला. अखेर १८३५ च्या प्रारंभी सँत-एत्येन-द्यू-माँ व सँ-स्यूल्पीस ह्या दोन धर्मग्रामांना धरून विभाग करण्यात आले. संस्थेच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा ठरला. मित्रांच्या मंडळाऐवजी धर्मग्राम हा तिचा घटक झाला आणि म्हणूनच ती कोठल्याही गावी रुजू शकली. त्याच वर्षी बायी व लालिये यांनी नियमावली तयार केली. तीनुसार साप्ताहिक सभेचा क्रम ठरला : प्रार्थना, धार्मिक वाचन, भेटी दिलेल्या कुटुंबांचे वृत्त, पुढील आठवड्याच्या चिठ्ठ्यांचे वाटप आणि शेवटी वर्गणी. ही वर्गणी झाकलेल्या पिशवीत गोळा करीत. कोणी किती टाकले हे कोणास कळत नसल्याने गरीब विद्यार्थी व धनिक यांना एकाच बाकावर बसता येई. भेटीस जोडीने जावयाचे आणि त्या घरातील गोष्टी बाहेर बोलावयाच्या नाहीत, असा दंडक होता. कोणतेही दयाकार्य संस्थेस परके नाही, असे तत्त्वही मान्य करण्यात आले. चिठ्ठी दाखविल्यावर ठराविक दुकानात भाकरी, मांस किंवा सरपण मिळे. रोख पैसे न देता चिठ्ठी देण्यात गरिबाविषयीचा अविश्वास होताच, हे नाकारता येत नाही. धर्मविवाह झाला आहे काय, मुले धर्मशिक्षणास जातात काय, हेही प्रश्न पुष्कळ भेटींत विचारले जात.

ओझानामची दृष्टी ह्या चौकटीत मावणारी नव्हती. लीआँ येथे व्यापारी कायद्यावर दिलेल्या व्याख्यानांत, मजुरास निव्वळ हत्यार समजणे ही पिळवणूक होय, असे त्याने प्रतिपादन केले. दानाने जखम बांधली जाते. ती होऊच नये हे पाहणे न्यायाचे काम, अशा आशयाचा विचार त्याने वारंवार मांडला. १८४४ मध्ये तो सॉर्बोन येथे परकीय साहित्याचा प्राध्यापक झाला. १८४८ च्या क्रांतिवर्षात लाकोर्देर व मारे यांच्यासह त्याने ‘लेर नूव्हेल’ हे पत्र काढले व दारिद्र्याच्या कारणांवर लेख लिहिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कामगारांचा उठाव झाला, तेव्हा मध्यस्थीची विनंती घेऊन तो व त्याचे मित्र आर्चबिशप आफ्र यांना भेटले. आर्चबिशप मोर्चेबंदीपर्यंत गेले आणि तेथे गोळी लागून दोन दिवसांनी मृत्यू पावले. ह्या उठावानंतर फ्रेंच मध्यमवर्ग भयभीत झाला. संस्था वाढत गेली. परंतु तिचा कल ओझानामच्या सामाजिक विचारांपेक्षा सावध दानधर्माकडेच राहिला. मृत्यूपूर्वी काही महिने, १८५३ मध्ये, फ्लॉरेन्स येथे केलेल्या भाषणात ओझानामने दिलेल्या आकड्यांनुसार पॅरिसमध्ये दोन हजार सभासद पाच हजार कुटुंबांना भेटी देत होते आणि फ्रान्समधील शाखांची संख्या ५०० होती.

इतका विस्तार शासनाच्या डोळ्यांवर आल्यावाचून राहिला नाही. तिसऱ्या नेपोलियनचा गृहमंत्री पेर्सिन्यी याने ऑक्टोबर १८६१ च्या परिपत्रकाने संस्थेच्या मध्यवर्ती मंडळास शासकीय मान्यता घेण्यास फर्मावले. सरकारने प्रमुख नेमावा, ही अट फ्रीमेसन संघटनेने पतकरली. ह्या संस्थेने ती नाकारली व मध्यवर्ती मंडळ बरखास्त झाले. अनेक शाखा बंद पडल्या. ज्या टिकल्या, त्या आपापल्या धर्मग्रामाच्या आधारावर टिकल्या. शेजाऱ्यास मदत करण्यासाठी शासनाच्या परवान्याची गरज आहे काय, हा प्रश्न येथे ग्लासगोच्या नेमक्या उलट बाजूने पुढे आला, असे म्हणता येईल.

फ्रान्सबाहेर संस्था झपाट्याने पसरली : रोम (१८३६), डब्लिन व लंडन (१८४४), अमेरिकेतील सेंट लुइस (१८४५), मेलबर्न (१८५४). आयर्लंडमध्ये स्थापनेनंतर लगेचच १८४५–४९ चा भीषण दुष्काळ ओढवला व तेथील शाखांची खरी कसोटी लागली. संस्थेचे सभासदत्व दीर्घकाळ पुरुषांपुरतेच होते. शातीयाँचा मूळ संघ स्त्रियांचा आणि पॅरिसमधील मार्गदर्शक एक स्त्री, हे पाहता ही गोष्ट चमत्कारिक वाटते. १८५६ मध्ये बोलोन्या येथे स्त्रियांची स्वतंत्र समांतर संस्था निघाली. दोन्हींचे एकीकरण व्हावयास १९६७ साल उजाडावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) सामान्य धर्मजनांच्या कार्यास तात्त्विक अधिष्ठान दिले. जे न्यायाने देणे आहे, ते दान म्हणून देऊ नये, हेही तिने स्पष्ट केले. ब्रिटनमध्ये १९४८ साली जुना गरीब कायदा रद्द झाल्यावर धर्मग्रामातील कार्य अनावश्यक ठरेल, ही अपेक्षा फोल ठरली. निवृत्तिवेतन व भत्ते मिळू लागले, तरी एकाकी वृद्ध, कागदपत्रांच्या जंजाळात सापडलेली कुटुंबे आणि निर्वासित यांच्याकडे जाण्याचे काम उरलेच. रोमन कॅथलिक चर्चने १९९७ मध्ये ओझानाम यास व २००३ मध्ये सिस्टर रोझाली यांना ‘धन्य’ म्हणून घोषित केले. सुमारे दीडशे देशांत आपले आठ लाख सभासद असल्याचे संस्था सांगते.

भारतात पोर्तुगीज अमदानीपासून ‘मिझेरिकॉर्दिया’ हा साहाय्यसंघ व चर्चशी निगडित बंधुसंघ होते. मात्र त्यांचे स्वरूप बरेचसे प्रतिष्ठेचे असून गोव्यातील बंधुसंघांच्या सदस्यत्वावर जातीचीही बंधने असत. सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्थेचे कार्य १८६३ मध्ये मुंबईत सुरू झाले व क्रमाने देशातील इतर धर्मप्रांतांत पसरले. येथील परिस्थितीत दोन गोष्टी वेगळ्या पडतात. पहिली म्हणजे, शेजारी बहुधा ख्रिस्ती नसतो. साहाय्यास धर्माची अट नसावी, हा संस्थेचा नियम यूरोपातील धर्मग्रामात क्वचितच कसोटीस लागला असेल. मुंबईतील चाळींत व झोपडवस्त्यांत तो रोजचा प्रश्न आहे. दुसरी म्हणजे, गरज तात्पुरती नसते. त्यामुळे काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांना दरमहा शिधा, औषधे व मुलांच्या शाळेचा खर्च देण्याची पद्धत पडली आहे. नुसत्या दानाने कर्जबाजारी कुटुंबाची सुटका होत नाही, ही जाणीव वसईच्या कॅथलिक समाजात लवकर झाली. मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये तेथे निघालेली सहकारी पतसंस्था, म्हणजेच आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक, ही त्याची साक्ष होय. ही संस्था धर्मग्रामीय साहाय्यकार्याच्या व्याख्येत काटेकोरपणे बसत नसली, तरी तिची पाळेमुळे त्याच शेजारात आहेत.

भारतातील अनेक शाखा आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इ. देशांतील शाखांशी जोडलेल्या आहेत. त्यांच्यात नियमित पत्रव्यवहार चालतो व तिकडून काही निधी येतो. हा पैसा हजारो मैलांवरून येत असला, तरी तो कोणत्या घरी जावा, हे आठवड्याच्या सभेत स्थानिक सभासदच ठरवितात आणि जोडीने जाऊन तो पोहोचवितात.